प्रकल्प नोंदी: दूध बिलांच्या एक्सेल फायली परत मिळवणे आणि राखणे (निपाणी ते खानापूर)

२ जून २०२५, सोमवार. निपाणी तालुका, पहिली संस्था

दर दहा दिवसांनी बिल काढणारी दूध संस्था. २१ ते ३१ मेची बिल फाईल उघडली, लिटर आणि फॅटचे रकाने पुसले, १ जूनची सकाळ-संध्याकाळ भरली आणि ‘सेव्ह ॲज’ करायच्या आधीच कंट्रोल-एस दाबलं. मेचं शेवटचं बिल गेलं. बँकेला यादी गेली नव्हती, छापील प्रतही निघालेली नव्हती.

यंत्र: विंडोज १०, एक्सेल २०१६. सी ड्राइव्ह २४० जीबी एसएसडी, डी ड्राइव्ह ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क. फाईल डी वर होती, हे बरं झालं.

एक्सेल बंद झालेलं, त्यामुळे सगळ्यात सोपा मार्ग गेला. फाईल उघडीच असेल तर सेव्ह केल्यानंतरही कंट्रोल-झेड चालतं. एक्सेल २००७ पासून सेव्ह केल्याने अंडूची यादी पुसली जात नाही आणि साधारण १०० पायऱ्या मागे जाता येतं. मात्र मधे एखादा मॅक्रो चालला की यादी रिकामी होते, आणि शीटच डिलीट केली असेल तर ती अंडूने येत नाही. मागे गेल्यावर लगेच वेगळ्या नावाने सेव्ह करायचं. नेटवर्कवर दुसऱ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर तीच फाईल ‘रीड ओन्ली’ म्हणून आधीपासून उघडी असेल तर तिथे जुना मजकूर अजून शाबूत असतो. तिथूनही वेगळ्या नावाने सेव्ह करायचं. इथे दोन्ही नव्हतं.

पुढची तपासणी, याच क्रमाने:

फाईल → इन्फो → मॅनेज वर्कबुक. रिकामं. ‘रिकव्हर अनसेव्हड वर्कबुक्स’ हे कधीच सेव्ह न केलेल्या फायलींसाठी असतं, ओव्हरराइट झालेल्यांसाठी नाही. लोक तिथेच अर्धा तास घालवतात. ऑटोरिकव्हरच्या प्रती (मूळ सेटिंग दर १० मिनिटांनी) फाईल सेव्ह करून नीट बंद केली की एक्सेल स्वतःच काढून टाकतं. लाईट गेली किंवा एक्सेल अडकून बंद पडलं तरच त्या कामाच्या.

प्रॉपर्टीज → प्रीव्हियस व्हर्जन्स. रिकामं. सिस्टीम प्रोटेक्शन फक्त सी वर चालू होतं. फाईल सी वर असती तरी फार आशा नव्हती, कारण विंडोज ८ पासून रिस्टोर पॉइंट घेताना बूट ड्राइव्हवर मुख्यतः सिस्टीमच्याच फायली जपल्या जातात. विंडोज ७ मध्ये ही टॅब जितकी उपयोगी होती तितकी आता राहिलेली नाही. फाईल हिस्टरी (फायलींच्या जुन्या प्रती आपोआप ठेवणारी विंडोजची सोय) बंद.

सेक्रेटरींच्या फोनवर व्हॉट्सॲपचं ‘डॉक्युमेंट्स’ आणि त्यातलं ‘सेंट’ हे फोल्डर पाहिलं. ११ ते २० मेचं बिल ऑडिटरला पाठवलेलं सापडलं. हवं ते नाही, पण सभासद यादी, सूत्रं आणि दरपत्रक त्यात आहे. जपून ठेवलं.

कॉम्प्युटर बंद केला. आजच्या संध्याकाळचं संकलन वहीत. डी वर काहीही उतरवायचं नाही, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर तर नाहीच नाही.

३ जून, मंगळवार

डी ड्राइव्हची पूर्ण प्रतिमा, म्हणजे सगळ्या डिस्कची बाइट-न्-बाइट नक्कल, घेतली. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करून डीडीरेस्क्यू या नक्कल काढणाऱ्या साधनाने १ टीबीच्या बाहेरच्या डिस्कवर. विंडोजमधून का नाही? विंडोज चालू झालं की इंडेक्सिंग, अँटिव्हायरस, कधी पेजफाईल असं काही ना काही त्या ड्राइव्हवर लिहीत राहतं. लिनक्समध्ये ड्राइव्ह माउंटच करायचा नाही. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) असेल तर आधी रिकव्हरी की शोधून ठेवा, नाहीतर प्रतिमा घेऊनही आत शिरता येणार नाही.

वेळेचा हिशेब: यूएसबी ३ आणि निरोगी डिस्क असेल तर सेकंदाला सरासरी १०० एमबी धरून ५०० जीबीला दीड तासाच्या आसपास. मागच्या बाजूचं यूएसबी २ चं पोर्ट वापरलं तर चार-पाच तास. लाईटचा भरवसा नसेल तर लॅपटॉपवर डिस्क जोडून घ्यावी. डीडीरेस्क्यूला मॅपफाईल (कुठपर्यंत वाचून झालं याची नोंद) दिली असली की मधे बंद पडलं तरी तिथूनच पुढे जातं. मॅपफाईल न देता सुरू करू नये.

आता एक्सेल सेव्ह करतं कसं, ते. सगळी आशा त्यावर आहे. एक्सेल जुन्या फाईलच्या अंगावर नवीन लिहीत नाही. त्याच फोल्डरमध्ये आठ अक्षरी विचित्र नावाची तात्पुरती फाईल तयार करतं, सगळा नवा मजकूर तिच्यात लिहितं, मग जुनी फाईल टीएमपी शेपटीच्या नावाने बाजूला करून नव्या फाईलला मूळ नाव देतं आणि जुनी डिलीट करतं. म्हणजे ‘ओव्हरराइट’ झालेलं बिल डिस्कच्या दृष्टीने डिलीट झालेलं आहे, लिहून मिटवलेलं नाही. त्याची जागा मोकळी म्हणून नोंदली गेली, पण दुसरं काही तिथे येऊन पडेपर्यंत बाइट जागच्या जागी.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, रिकव्हरी सॉफ्टवेअरमध्ये बिलाच्या नावाने शोधलं तर नवीनच फाईल दिसते आणि माणूस ‘काही नाही’ म्हणून सोडून देतो. टीएमपी शेपटीच्या, जवळपास तेवढ्याच आकाराच्या डिलीट झालेल्या फायली शोधायच्या. दुसरी, हे फिरत्या डिस्कला लागू. एसएसडीवर डिलीट होताच विंडोज ट्रिमचा, म्हणजे ही जागा आता नको असा, संदेश देतं आणि त्यानंतर त्या जागेतून बहुधा शून्यच वाचायला मिळतात. फाईल सी वर असती तर आज प्रतिमा घेण्यात अर्थ नव्हता.

४ जून, बुधवार

शोध प्रतिमेवर, मूळ डिस्कवर नाही. मूळ डिस्क काढून लिफाफ्यात.

आधी एनटीएफएसच्या (विंडोजची डिस्कवर फायली मांडण्याची पद्धत) नोंदी वाचणाऱ्या साधनाने. बाजूला सारलेल्या जुन्या फाईलची नोंद मिळाली नाही. मोकळी झालेली नोंद विंडोज लवकर दुसऱ्या फाईलला देऊन टाकतं, त्यामुळे नाव जातं. नाव गेलं म्हणजे मजकूर गेला असं नाही.

मग फोटोरेक हे फायली परत काढणारं सॉफ्टवेअर. नाव काहीही असो, हे नावं न बघता बाइटच्या खुणा बघतं. एक्सएलएसएक्स ही मुळात झिप फाईल आहे, तिची सुरुवात ठरलेली असते. जुनी एक्सएलएस वेगळी, तिची खूण वेगळी. दोन्हीवर टिक ठेवा. बाकी सगळे प्रकार बंद करा, नाहीतर लग्नाचे फोटो आणि गाणी हजारांनी बाहेर येतात. ‘फ्री’ म्हणजे फक्त मोकळी जागा तपासायचा पर्याय घेतला. मायक्रोसॉफ्टचं विंडोज फाईल रिकव्हरीही चालतं (विंडोज १० ची २००४ किंवा पुढची आवृत्ती हवी), ‘एक्स्टेन्सिव्ह’ मोडमध्ये. पण त्याला निकाल ठेवायला वेगळा ड्राइव्ह लागतो आणि सगळं कमांडवर आहे.

बाहेर आलेल्या फायलींना आकड्यांची नावं. एकेक उघडून बघत बसायचं नाही. झिपच्या आत डॉकप्रॉप्स फोल्डरमधल्या कोअर नावाच्या फाईलमध्ये शेवटचं सेव्ह कधी झालं आणि कुणाच्या नावाने, ते असतं. सगळ्यांतून ती ओळ काढून तारखेने लावली. ही वेळ जागतिक असते, आपली साडेपाच तास पुढे: १४:१० दिसलं तर इथले संध्याकाळचे ७:४०. ३१ मेच्या संध्याकाळच्या संकलनानंतरची फाईल याच वेळेने ओळखू आली. त्याआधीच्या २९ आणि ३० मेच्या सेव्हच्याही प्रती निघाल्या. दर सेव्हला एक जुनी प्रत मागे पडत जाते, त्यामुळे डिस्कवर बराच मोकळा भाग असला की अशी साखळीच सापडते.

५ जून, गुरुवार

३१ मेची फाईल उघडत नाही. ३० ची उघडते. म्हणजे हरवलेलं फार तर एका दिवसाचं. पण ३१ चीच दुरुस्ती आधी करून पाहिली.

एक्सेलचं ‘ओपन अँड रिपेअर’ (ओपनच्या खिडकीत ओपन बटणाशेजारचा बाण): नाही झालं. नाव बदलून झिप केलं, सेव्हन-झिपने उघडलं. झिपची अनुक्रमणिका फाईलच्या शेपटाला असते. फाईल डिस्कवर दोन तुकड्यांत पडलेली असली की फोटोरेक पहिला तुकडा बरोबर घेतं आणि पुढे भलताच मजकूर जोडतं. शेपूट चुकीचं, म्हणून एक्सेल नकार देतं. आतले भाग मात्र बरेचसे चांगले असू शकतात. लिनक्सच्या झिप कमांडला दुरुस्तीचा दुहेरी एफ पर्याय दिला की ती सुरुवातीपासून एकेक भाग ओळखत अनुक्रमणिका नव्याने बांधते.

आतून शीटचा एक्सएमएल पूर्ण निघाला, शेअर्डस्ट्रिंग्ज तुटका. याचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. एक्सेल सेलमध्ये मजकूर ठेवत नाही, फक्त क्रमांक ठेवतं. खरी अक्षरं शेअर्डस्ट्रिंग्जच्या यादीत असतात. आकडे मात्र थेट सेलमध्ये. म्हणून लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर, रक्कम सगळं हाती आलं आणि सभासदांची नावं गेली. सभासद नंबर आकड्यात असल्याने नावं व्हॉट्सॲपवरच्या ११–२० मेच्या फाईलमधून जोडून घेतली. नंबरच्या पुढे ‘म’ लावून म्हैस आणि ‘ग’ लावून गाय अशी पद्धत असती तर तो नंबरही मजकूर ठरून गेला असता. गाय-म्हैस वेगळ्या रकान्यात ठेवा, हे त्यासाठीही.

तारखा ४५००० सारख्या आकड्यात दिसतात, घाबरायचं नाही. ४५००० म्हणजे १५ मार्च २०२३. सेलला तारखेचं फॉरमॅट दिलं की झालं.

सीमाभागातली एक खास भानगड. कन्नड नावांचा रकाना इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारखा दिसला आणि ‘फाईल खराब आली’ असा समज झाला. खराब नव्हती. तो रकाना नुडीच्या जुन्या फॉन्टमध्ये होता आणि आमच्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नाही. मराठीचं शिवाजी किंवा श्रीलिपी असलं तरी हेच होतं. फॉन्ट टाकला की अक्षरं जागेवर. अशा रकान्याची ‘दुरुस्ती’ करायला जाऊ नये. उलट, युनिकोडमधली नावं साध्या सीएसव्हीत सेव्ह केली तर प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येतं आणि ते परत येत नाही. ते खरं नुकसान. सीएसव्ही करायचीच असेल तर यूटीएफ-८ वाला पर्याय.

७ जून, शनिवार

जुळवणी. परत आलेली फाईल दिसायला बरोबर असणं पुरेसं नाही, पैसे त्यावर वाटायचेत.

दूध संघाच्या टँकरचं चलन किलोत, आपलं बिल लिटरमध्ये. १ लिटर दूध साधारण १.०३ किलो धरून रोजची बेरीज चलनाशी लावली. सकाळ-संध्याकाळ वेगळी लावायची, एकत्र लावली तर एक जास्त आणि एक कमी अशी चूक झाकली जाते. एका संध्याकाळी फरक मोठा आला. मशीनच्या पट्टीवर पाहता फाईल बरोबर निघाली, चलनावर आकडा उलटा लिहिलेला. फॅट मशीनच्या छापील पट्ट्या उन्हात ठेवल्या की अक्षर उडतं, म्हणून आधी त्यांचे फोटो काढून घेतले.

एसएनएफच्या सूत्रातला स्थिरांक संघागणिक वेगळा असतो. तो जुन्या फाईलच्या सूत्रातूनच घेतला, कुणाच्या आठवणीतून नाही. सरकारचं लिटरमागे ५ रुपये प्रोत्साहनधन या बिलात मिळवायचं नाही, त्याची यादी वेगळी जाते.

बिल मंजूर, बँकेची यादी गेली. नवीन नावाने सेव्ह, छापील प्रत फाईलला.

१० जून, मंगळवार. खानापूर तालुका, दुसरी संस्था

इथला प्रकार वेगळा. पेन ड्राइव्हवरची जुनी फाईल कॉम्प्युटरवरच्या नव्या फाईलवर कॉपी केली आणि ‘रिप्लेस’ दाबलं. विंडोज एक्सप्लोरर एक्सेलसारखं बाजूला सारून लिहीत नाही, त्याच फाईलला रिकामी करून तिच्यात भरतं. वर एसएसडी. डिस्कवरून काही मिळणार नाही असं पहिल्या दिवशीच सांगितलं. एक शोध घेतला, अपेक्षेप्रमाणे रिकामा.

लक्षात ठेवण्याजोगं: कॉपी केलेल्या फाईलवर ‘मॉडिफाइड’ तारीख जुनीच राहते. त्यामुळे यादीत पाहून काही घडलंय हे कळतच नाही, बिल उघडल्यावर कळतं. रिप्लेसच्या खिडकीत ‘कम्पेअर इन्फो’ घेतलं तर दोन्ही फायलींचा आकार आणि तारीख समोरासमोर दिसते. कोणती तारीख ठळक अक्षरात आहे तेवढं पाहिलं तरी पुरे, ती नवी.

बिल मशीनच्या पट्ट्यांवरून पुन्हा भरून घेतलं. कंटाळवाणं पण खात्रीचं.

१४ जून, शनिवार. राखणीचं काम सुरू

दोन्हीकडे मूळ एकच: गेल्या वेळची फाईल उघडायची, पुसायची, नवीन भरायची. ही सवय बदलायला सांगून बदलत नाही. बॅकअप लावला तरी ती रोज धोका देत राहणार. म्हणून बॅकअपच्या आधी साचा.

एक्सेलचं टेम्प्लेट, म्हणजे एक्सएलटीएक्स. डेस्कटॉपवर त्याचा शॉर्टकट. डबल क्लिक केलं की साचा स्वतः उघडत नाही, त्याची नवीन बिननावी प्रत उघडते. कंट्रोल-एस दाबलं तर नाव विचारतं. एक्सेलच्या आतून फाईल → ओपन करून उघडलं तर मात्र मूळ साचाच उघडतो. म्हणून साचा डी वरच्या बिलांच्या फोल्डरमध्ये ठेवायचा नाही.

साचा ११ दिवसांचा. कारण: ३१ च्या महिन्यात तिसरं बिल ११ दिवसांचं, फेब्रुवारीत ८ किंवा ९ दिवसांचं. दहाच्या फाईलमध्ये शेवटी रकाना घुसवला की तो बेरजेच्या सूत्राच्या बाहेर राहतो आणि ३१ तारखेचं दूध बिलातून गायब होतं. ११ दिवस ठेवून नको ते लपवायचे.

फॅटवर डेटा व्हॅलिडेशन: गाय २.५ ते ६, म्हैस ५ ते १२ याच्या बाहेर गेलं तर इशारा. अडवणारं नको, इशाऱ्याचं. व्यालेल्या जनावराच्या दुधाला कधी विचित्र आकडा येतो आणि अडवलं की माणूस खोटा आकडा घालून पुढे जातो. दरपत्रकात फॅट शोधताना ०.१ च्या पायऱ्या एक्सेलच्या आत नेमक्या बसत नाहीत, म्हणून शोधण्याआधी राउंड एका दशांशाला. सूत्रांचे सेल लॉक, शीट प्रोटेक्ट. ही कुलूप नव्हे, कडी आहे.

१७ जून, मंगळवार

झालेली बिलं वेगळ्या फोल्डरमध्ये, ‘बंद बिले’. ऑपरेटरच्या खात्याला तिथे फक्त वाचण्याचा अधिकार, सेक्रेटरींच्या खात्याला लिहिण्याचा. चालू फोल्डरवर ‘लिहू द्या पण डिलीट करू देऊ नका’ असा अधिकार लावून पाहण्याचा मोह होतो. लावू नका. एक्सेलचं सेव्ह हेच मुळी जुनं डिलीट करण्यावर चालतं, त्यामुळे सेव्ह अडकतं आणि फोल्डरमध्ये विचित्र नावाच्या तात्पुरत्या फायली साठतात.

‘ऑलवेज क्रिएट बॅकअप’ (सेव्ह ॲज → टूल्स → जनरल ऑप्शन्स) चालू केलं. शेजारी एक्सएलके शेपटीची प्रत राहते, पण एकच पायरी मागची. घाबरून दोनदा सेव्ह दाबलं की तीही चुकीची. मदतीला आहे, भरवशाला नाही. लिब्रेऑफिस वापरणाऱ्या संस्थेत टूल्स → ऑप्शन्स → लोड/सेव्ह → जनरल इथे असंच आहे.

१९ जून, गुरुवार

रोजची तारीखवार प्रत. रोबोकॉपी (विंडोजची कॉपी करण्याची कमांड), टास्क शेड्यूलरवर (ठरल्या वेळी काम चालवणारी विंडोजची सोय) दुपारी २ ला, दोन्ही संकलनांच्या मधल्या वेळेत. ठरवलेल्या गोष्टी आणि कारणं:

मिरर पर्याय (मूळ फोल्डरची हुबेहूब नक्कल) नाही. तो बिघाडसुद्धा इमानाने कॉपी करतो. दर दिवसाचं वेगळं फोल्डर, नाव वर्ष-महिना-दिवस, म्हणजे आपोआप क्रमाने लागतं. तारीख पॉवरशेलकडून घेतली. साध्या बॅच फाईलची तारीख कॉम्प्युटरच्या प्रादेशिक सेटिंगवर अवलंबून, तिच्यात तिरकी रेघ आली की फोल्डरच बनत नाही.

शेड्यूलरमध्ये ‘वेळ चुकली तर जमेल तेव्हा लगेच चालवा’ ही टिक हवीच, दुपारी लाईट असेलच असं नाही. लॅपटॉप असेल तर ‘फक्त चार्जिंगवर असताना’ ही आधीपासून असलेली टिक काढायची. प्रत शेवटच्या सेव्हची येते, उघड्या फाईलमधला न सेव्ह केलेला मजकूर येत नाही.

जागा: एक बिल साधारण २०० केबी, वर्षाला ३६ बिलं, म्हणजे ७ एमबीच्या आसपास. सगळं फोल्डर १० एमबी धरून ३६५ प्रती ३.६५ जीबी. ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह कित्येक वर्षं पुरतो. पेन ड्राइव्ह दोन, आलटून पालटून. एक लावलेला, दुसरा तिजोरीत. दोन्ही एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केले. एफएटी३२ या जुन्या पद्धतीत फाईल डिलीट झाली की तुकडे कुठे कुठे होते याची साखळी पुसली जाते आणि सलग नसलेली फाईल परत जोडता येत नाही.

फाईल हिस्टरीही लावली, दर तासाऐवजी दर १५ मिनिटांनी. ती आपणहून फक्त लायब्ररी, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स वगैरे बघते. डी वरचं बिलांचं फोल्डर लायब्ररीत किंवा सेटिंग्जमधल्या ‘ॲड अ फोल्डर’ने जोडल्याशिवाय ती ते घेत नाही. ही एक पायरी विसरली की महिनोन्‌महिने हिरवी खूण दिसते आणि आत बिल एकही नाही.

२३ जून, सोमवार

क्लाउडचा प्रश्न आला. निपाणीत चालेल, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूच्या संस्थांत पावसाळ्यात इंटरनेटवर मुख्य फाईल ठेवणं जमणार नाही. तिथे दुय्यम प्रत म्हणूनच.

गूगल ड्राइव्हवर ठेवलेल्या एक्सएलएसएक्सच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत राहतात. बिल बंद झालं की त्या आवृत्तीवर ‘कीप फॉरएव्हर’. वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात शेवटच्या २५. नव्या एक्सेलमध्ये वनड्राइव्हवरची फाईल उघडली की ऑटोसेव्ह चालू असतं: जुनं बिल उघडून पुसायला सुरुवात केली की कंट्रोल-एसची वाटही न बघता ते पुसलेलं सेव्ह होतं. तिथे आधी ‘सेव्ह अ कॉपी’, मग बाकी सगळं. साच्याची पद्धत लागू असेल तर हा प्रश्न येत नाही.

३० जून, सोमवार

परत आणण्याची चाचणी, दोन्ही संस्थांत ऑपरेटरकडूनच करून घेतली. ११ ते २० जूनच्या बिलाची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये घेऊन मुद्दाम बिघडवली, मग पेन ड्राइव्हवरून परत आणून एकूण लिटर आणि एकूण रक्कम छापील बिलाशी लावली.

निपाणीत जुळलं. खानापुरात पेन ड्राइव्हवर २४ ते २६ जूनची फोल्डरंच नाहीत. पेन ड्राइव्ह काढून लावल्यावर ड्राइव्हचं अक्षर ई ऐवजी एफ झालेलं, स्क्रिप्ट ई शोधत राहिली आणि ई वर त्या वेळी मोबाइलचं कार्ड होतं. डिस्क मॅनेजमेंटमधून दोन्ही पेन ड्राइव्हना कायमची वेगवेगळी अक्षरं दिली, स्क्रिप्टमध्ये दोन्ही घातली. स्क्रिप्टमध्ये भर: प्रत झाल्यावर फायली मोजा, शून्य असतील तर पडद्यावर लाल खिडकी.

बाकी: खानापूरला यूपीएसची बॅटरी बदलायची आहे, पाच मिनिटंही टिकत नाही. १ जुलैचं बिल साच्यातून उघडलं की नाही हे फोनवर विचारायचं.